तेल ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे
(लखनौ येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी भाषक प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्यापुढे ‘रस्त्यावरील वाहने व कर्मचाऱ्यांची सुरक्षितता’ असा विषय छापलेला आहे. त्यावर बोलण्यासाठी घरून चार कागद लिहून आणले होते. ते पिशवीतच राहू द्या. कारण परवा सकाळी चारबागला उतरल्यापासून हा विषय आमच्या पाठीच लागला आहे, आणि जे डोळ्यांनी पाहिले, हाताने केले, तेच सांगितलेले बरे.

पुष्पकने आम्ही सहाजण उतरलो. न्यायला भाड्याची गाडी आली होती. चालक चोवीस-पंचवीसचा मुलगा, अदबीने बोलणारा, इथल्या रीतीप्रमाणे आधी ‘आदाब’ करणारा. स्टेशनच्या आवारातून गाडी वळवताना पुढून कण्हल्यासारखा आवाज आला आणि त्या पोराने दोन्ही हातांनी, खांदे लावून स्टिअरिंग ओढले. थोडे पुढे जाऊन त्याने गाडी कडेला घेतली, बोनेट उघडले, सीटखालून अर्धी भरलेली बाटली काढून एका डब्यात तेल ओतले, हात पुसले आणि म्हणाला, ‘‘कुछ नहीं चचा, पावर का तेल है. पी जाती है.’’

गाडी हे तेल पीत नाही. इंजिन थोडेफार ऑइल जाळते, हे आपल्यापैकी डिझेल शेडमध्ये राबलेल्यांना सांगायला नको. पण पॉवर स्टिअरिंगचे तेल बंद फेऱ्यात फिरते. ते जळत नाही, वाफ होऊन उडत नाही. कमी झाले याचा अर्थ एकच, ते बाहेर पडले. आणि बाहेर पडले असेल तर वाट कुठेतरी आहेच.

रस्त्यात त्याच्याशी बोलणे काढले. गाडी ठेकेदाराची. हा ठेकेदार सरकारी खात्यांना गाड्या पुरवतो. कोणत्या खात्याला, ते इथे सांगण्याचे कारण नाही. हा मुलगा बहुतेक रात्रपाळीत असतो, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या कर्मचाऱ्यांची ने-आण करतो. गळती तीन महिने चालू आहे. ठेकेदाराच्या ठरलेल्या गॅरेजने ‘रॅक गेला, नवा टाका’ असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून ठेकेदाराने विषय बंद केला. तेलाची बाटली मात्र दर आठवड्याला लागते, आणि तिचे पैसे ‘गाडी नीट वापरत नाहीस’ म्हणून मुलाच्या पगारातून कापले जातात.

तेव्हाच आमच्या मनात आले की या शिबिराचा विषय हॉलमध्ये नाही, बोनेटखाली आहे. इंजिनावर चढणाऱ्याला डुलकी लागू नये म्हणून आपण विश्रांतीच्या तासांसाठी वर्षानुवर्षे भांडतो. तोच माणूस रात्री अडीच वाजता अशा गाडीत बसून घरी जातो. टपालवाल्यांचेही तेच. मेल मोटरचा चालक थैल्या घेऊन पहाटे निघतो. स्वतःच्या खात्याची गाडी असो की ठेक्याची, स्टिअरिंग ते स्टिअरिंगच.

आता हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात सांगतो. नव्या लहान मोटारींत बहुतेक ठिकाणी स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते; तिथे तेलच नाही, तेव्हा गळतीही नाही. पण जुन्या मोटारी, पुष्कळशा जीपच्या जातीच्या गाड्या, आपल्या मेल व्हॅन, ट्रक, बस यांत अजून तेलाची पद्धत आहे. एक डबा असतो, त्यातून तेल पंपात जाते. पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. तिथून जाड पाईपाने दाबाचे तेल स्टिअरिंगच्या रॅकमध्ये किंवा बॉक्समध्ये जाते, चाके वळवायला जोर देते आणि साध्या रबरी पाईपाने परत डब्यात येते. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये अशी व्यवस्था एका मोटारीला बसवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती यायला मात्र १९५१ उजाडले, तेव्हा क्रायस्लर कंपनीने ती दिली. युक्ती अशी की गाडी सरळ चालली असता तेल नुसते फिरत राहते, दाब फारसा नसतो. चालकाने स्टिअरिंग फिरवले की व्हॉल्व्ह वाट अडवतो आणि दाब चढतो.

किती चढतो? आपल्या गाड्यांच्या ब्रेक पाईपात ५ किलोचा दाब, फीड पाईपात ६ किलोचा. होज पाईप निसटला तर काय तडाखा बसतो ते भुसावळच्या आमच्या फिटर साथीला विचारा. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरले तर या चिमुकल्या पंपात चौरस सेंटिमीटरला ८० ते १०० किलोपर्यंत दाब जातो. म्हणून सरळ उभ्या गाडीत जी गळती दिसत नाही ती वळणावर दिसते. आणि म्हणूनच, चालू इंजिनावर दाबाच्या पाईपावर बोट फिरवून गळती कधीही शोधायची नाही. केसाएवढ्या भेगेतून निघालेली धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत बोट सडू शकते. असे झाले तर ‘काही नाही’ म्हणून घरी जायचे नाही, तडक इस्पितळ गाठायचे आणि डॉक्टरला ‘दाबाचे तेल शिरले’ हे शब्द सांगायचे. शोधण्यासाठी हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडी हॉलच्या मागे सावलीला घेतली. पारा चाळिशीच्या वर. आम्ही, भुसावळचा फिटर, मुंबईच्या मेल मोटरमधले एक चालक बंधू, आणि तो मुलगा. आदल्या रात्री आम्ही मुलाला सांगून ठेवले होते की गाडी उभी करशील तिथे खाली वर्तमानपत्र पसर आणि पुढची चाके कुठे आली त्याच्या खुणा कर. सकाळी कागदावर दोन डाग होते. एक नितळ पाण्याचा, तो एसीचा, तो असणारच. दुसरा लालसर, बोटाला बुळबुळीत.

या डागांची ओळख प्रत्येकाने करून घ्यावी. इंजिन ऑइल तपकिरी नाहीतर काळे. रेडिएटरचे पाणी हिरवे वा गुलाबी, पातळ, गोडसर वासाचे. गिअर ऑइल दाट, त्याला गंधकासारखा उग्र दर्प. ब्रेक ऑइल फिकट पिवळसर, आणि ते चाकांच्या आतल्या बाजूला किंवा पेडलच्या सुमारास गळताना दिसले तर गाडी जागची हलवायची नाही. स्टिअरिंगचे तेल पुष्कळ गाड्यांत लाल एटीएफ असते, काहींत हिरवट किंवा पिवळट. डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणते ते लिहिलेले असते, तेच घालावे. तेल संपले म्हणून हाताशी आहे ते ब्रेक ऑइल ओतणारे आम्ही पाहिले आहेत. त्याने पंपाची आणि रॅकची रबरी सील फुगतात, मऊ पडतात, आणि जिथे एक गळती होती तिथे चार होतात. उलट, हे तेल ब्रेकच्या डब्यात गेले तर ब्रेकची रबरे जातात. दोन्ही डबे बोनेटखाली एकाच अंगाला असले की घाईत घोळ होतो.

लाल डाग रॅकच्या बरोबर खाली होता. गॅरेजवाल्याने तेवढेच पाहून रॅकला दोष दिला असणार. पण तेलाला पाय असतात, मित्रहो. ते पाईपाच्या अंगाने उतरते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते, आणि जिथे सर्वांत खालचा कोपरा सापडेल तिथे थेंब धरते. थेंब जिथे पडतो ते गळतीचे ठिकाण नव्हे. आपले गाडी परीक्षक डब्याखाली वाकतात तेव्हा आवाजाच्या मागावर जातात, साबणाचे पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते पाहतात. हवा बोलते, तेल बोलत नाही. म्हणून इथे एकच उपाय, सर्व स्वच्छ करणे.

रॉकेलचा बोळा आणि जुना ब्रश घेऊन, इंजिन थंड असताना, डब्यापासून रॅकपर्यंत सगळी घाण पुसून काढली. यात पाऊण तास गेला आणि यातच अर्धे काम झाले. गॅरेजमध्ये हा पाऊण तास कोणी देत नाही. म्हणून अख्खा रॅक बदलायला सांगतात. मग कोरड्या झालेल्या पाईपांवर आणि जोडांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. डब्यातले तेल खुणेपर्यंत भरले. मुलाला आत बसवून इंजिन चालू करायला लावले आणि सांगितले, स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव, पण टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नकोस. टोकाला धरून ठेवले की तेल तापते आणि पंप मरतो.

पाहायचे वरून खाली. डब्याला चीर आहे का, परतीच्या रबरी पाईपाची क्लिप ढिली आहे का, त्याचे टोक कडक होऊन फाटले आहे का. लखनौचा उन्हाळा काय आणि आपल्या नागपूर-भुसावळचा काय, रबराला सारखाच भाजतो. हिवाळ्यात, धुक्याच्या पहाटे, तेच कडक रबर आकसते. सकाळी गळते आणि दुपारी थांबते असे सांगणारा चालक खोटे बोलत नसतो. मग पंप: पुलीच्या मागे ओल असेल आणि पट्ट्याच्या रेषेत तेलाचे शिंतोडे उडाले असतील तर पंपाच्या दांड्याचे ऑइल सील गेले. मग दाबाच्या पाईपाचा पंपाकडचा जोड. मग त्याच पाईपाची दाबून बसवलेली टोके. शेवटी रॅकच्या दोन टोकांचे रबरी बूट. ते हाताने दाबून पाहावे. आत तेल खळखळले तर रॅकचे आतले सील गेले, तिथे वाद नाही. जिथे रॅक नसून बॉक्स आहे तिथे खालच्या आर्मच्या वरचे सील पाहावे.

आमच्या गाडीत बूट खडखडीत कोरडे. पावडरीवर गुलाबी रेघ उठली ती पंपावर, दाबाच्या पाईपाच्या जोडाला. तिथे एक पोकळ बोल्ट असतो, मिस्त्री लोक त्याला बॅन्जो बोल्ट म्हणतात. पाईपाच्या टोकाला कडी, कडीच्या दोन्ही अंगांना तांब्याचे दोन वॉशर. मागे कधीतरी पंप खोलला असणार आणि जुनेच वॉशर परत घातले असणार. एकदा दाबले गेलेले तांबे पुन्हा नीट बसत नाही. तिथून तेल पाईपाच्या अंगाने सरळ रॅकवर उतरत होते. भुसावळचा फिटर नुसता हसला. वॉशरपायी डबा सिक झालेला त्याने कितीदा पाहिला आहे.

इथे एक गोष्ट बोलावीशी वाटते. याच शहरात, मानकनगरला, १९५७ पासून आर.डी.एस.ओ. आहे. आपल्या ब्रेकचे होज पाईप कसे असावेत, वॉशर कसा असावा, याचे नियम तिथे बनतात आणि देशभर लागू होतात. डब्याची गळती मर्यादेबाहेर असेल तर परीक्षक तो लावू देत नाही, मग वरचा साहेब काहीही म्हणो. त्याच रेल्वेच्या दारात उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाडीला मात्र ‘सिक’ म्हणणारा कोणी नाही.

दुरुस्तीसाठी संध्याकाळी लालबागला गेलो. तिथे मोटारींच्या सामानाची आणि मिस्त्र्यांची रांगच आहे. एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी बोल्ट काढला, वॉशर बोटावर घेऊन उन्हाकडे धरले आणि कडीवरचा चरा दाखवला. कडीची बसण्याची जागा बारीक पॉलिश कागदाने साफ करून दोन नवे वॉशर घातले. बोल्ट आवळताना आमच्या चालक बंधूंना जोर लावायची हौस आली, तर म्हणाले, ‘‘जनाब, पोला है, टूट जाएगा.’’ पोकळ बोल्ट बेताने आवळायचा असतो. दोन वॉशरांचे पैसे सहाजणांच्या चहापेक्षा कमी झाले. मजुरी घ्यायला ते तयार नव्हते; आम्ही दिली. कामाचे दाम सोडू नयेत, हे आपणच लोकांना सांगतो.

सगळ्याच गळत्या इतक्या स्वस्तात सुटत नाहीत, हेही सांगून ठेवतो. परतीचा रबरी पाईप टोकाशीच फाटला असेल आणि लांबी पुरत असेल तर अर्धा इंच कापून नव्या क्लिपने बसवता येतो; पण तो जागोजागी तडकला असेल तर तेलाला टिकणारा नवा पाईप घालावा, पाण्याचा नळीचा तुकडा नव्हे. दाबाच्या पाईपाला मात्र क्लिप, सुतळी, एम-सील, ट्यूबची पट्टी यातले काही चालत नाही. तो बदलायचाच, किंवा हायड्रॉलिक पाईप बनवणाऱ्याकडून त्याच दाबाचा करून घ्यायचा. पंपाचे सील बदलताना दांड्यावर खाच पडली आहे का ते नखाने पाहावे. खाच असेल तर नवे सील महिनाभरात पुन्हा गळेल. रॅकचे सील गेले असतील तर रॅक उतरवून किट घालणारे चांगले कारागीर असतात, पण आतला दांडा गंजलेला किंवा चरे पडलेला असेल तर मग नवाच घ्यावा लागतो, आणि बसवल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे लागते. बाजारात गळती थांबवणारी औषधे बाटलीत मिळतात. ती रबर थोडे फुगवतात. वॉशरला, फाटलेल्या पाईपाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

तेल भरल्यावर हवा काढायची, हे विसरणारे पुष्कळ. पुढची चाके जॅकवर उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग पंधरा-वीस वेळा दोन्हीकडे फिरवावे. डब्यातले तेल उतरत जाईल तसे भरावे. मग इंजिन चालू करून पुन्हा फिरवावे. डब्यात फेस दिसला तर हवा अजून आत आहे. थोडा वेळ गाडी उभी ठेवून पुन्हा करावे. आवाज जाईपर्यंत करावे. भातखंडे यांनी १९२६ मध्ये याच शहरात संगीताचे कॉलेज काढले, त्यातले आम्हाला काही कळत नाही, पण हवा धरलेल्या पंपाचा सूर आता झोपेतही ओळखू.

कोणी म्हणेल, थोडे तेल गळाले तर बिघडले काय, स्टिअरिंग तुटत तर नाही. बरोबर आहे. तेल संपले तरी चाकांचा आणि स्टिअरिंगचा लोखंडी जोड कायम असतो, गाडी वळते. पण ती एकदम जड होते. तेल कमी असताना पंप मध्येच हवा ओढतो. वळणाच्या मध्यावर मदत जाते आणि पुन्हा येते. बारा तास जागलेल्या माणसाच्या हातात, समोरून ट्रक येत असताना, असे होऊ द्यायचे का? शिवाय तेल सायलेन्सरच्या तापल्या नळीवर पडले तर आग लागते. पट्ट्यावर पडले तर पट्टा घसरतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर असतो. सुका पंप स्वतःला खातो आणि त्याचा लोखंडी चुरा रॅकमध्ये जातो. तेव्हा ‘रॅक गेला’ हे गॅरेजवाल्याचे म्हणणे आणखी तीन महिन्यांनी खरेच ठरले असते.

राहिला मुलाच्या पगाराचा प्रश्न. वॉशर जुना घातला गॅरेजने, दुरुस्ती टाळली मालकाने, आणि पैसे कापले चालकाचे. १९३६ च्या वेतन कायद्यात नुकसानीपोटी कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि त्याला आधी आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, असे होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम ठेवले आहे. दुसरे, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. धोकादायक दोष ठाऊक असताना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणारा त्यात अडकतो, आणि चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही अडकतो. हे दुसरे वाक्य मालक लोक चालकाला कधी वाचून दाखवत नाहीत.

म्हणून तोंडी तक्रार करू नये. लॉग बुकात लिहावे: तारीख, वेळ, तेल खालच्या खुणेखाली, पंपापाशी गळती, वळताना आवाज, दुरुस्तीची मागणी केली. खाली सही. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. त्या मुलाला अक्षरओळख बेताची. काल रात्री आमच्या मेल मोटरच्या बंधूंनी त्याच्याकडून तीन महिन्यांच्या तेलाचा हिशोब हिंदीत लिहून घेतला आणि मागच्या कपातीची परतफेड मागणारा अर्जही तयार केला. तो आज इथल्या साथींमार्फत ठेकेदाराला जाणार आहे. पैसे परत मिळतीलच असे आम्ही त्याला सांगितलेले नाही. कपात मात्र यापुढे लेखी कारणाशिवाय होऊ नये, एवढे पदरात पाडून घ्यायचे ठरले आहे.

आपल्याकडेही शाखाशाखांतून हे व्हावे. ज्या गाड्यांतून आपली माणसे जातात त्यांचे बोनेट महिन्यातून एकदा उघडायची मागणी ठेक्याच्या अटींत घालून घ्या. आणि पाहायला आपला माणूस पाठवा. भुसावळमध्ये, परळमध्ये, वरळीच्या मेल मोटरमध्ये असे हात शेकड्यांनी आहेत.

गाडी आत्ता बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. काल संध्याकाळपासून खाली कोरा कागद पसरून ठेवला आहे, अजून कोणी पाहिलेला नाही. अध्यक्षांची परवानगी असेल तर चहाच्या आधी सर्वांनी तिकडे यावे. टॉर्च आमच्याकडे आहे.